शेवटच्या ओळीतलं नाव

अथेन्स, १४ ऑक्टोबर

प्रिय स्तामाता काकू,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू ट्रंकेत ठेवून दिलं आहेस, म्हणून हे पत्र. लिआस म्हणाला, यंत्र लावलं की आईला शेजारणीच्या कोंबड्याही ऐकू येतात आणि शेजारीणही, त्यामुळे ती लावत नाही. तुझं बरोबरच आहे म्हणा.

उन्हाळ्यात आले होते तेव्हा तू विचारलंस, मी करते तरी काय. मी म्हटलं संगीत देते, तर म्हणालीस, "कुणाच्या लग्नात?" आता नीट सांगते. आम्ही सहा जण मिळून एक व्हिडिओ गेम करतो आहोत. टायरच्या दुकानावर आमची खोली आहे. गेम असा, की डोंगरात दोन भाऊ राहतात. मोठ्याला कुणीतरी मारतं आणि धाकटा मारेकऱ्याच्या शोधात निघतो. धाकटा म्हणजे जो खेळतो तो.

यात संगीताचं काय काम, असं म्हणशील. सुरुवातीला दोघे भाऊ शेकोटीपाशी बसलेले असतात तेव्हा बासरीवर एक लहानशी धून वाजते. खेळणाऱ्याचं तिच्याकडे लक्षही नसतं, तो पाव भाजत असतो. भाऊ मेल्यावर तीच धून परत येते, पण सावकाश, धाप लागल्यासारखी. पुढे जिथे जिथे मारेकरी जवळपास असेल तिथे तिचे फक्त पहिले तीन सूर वाजतात, जाड तारेवर. पडद्यावर काही नसतं, रिकामी वाट असते, आणि तरी खेळणाऱ्याच्या तळव्यांना घाम फुटतो. माणूस विसरतो, कान विसरत नाही. एकदा कान तयार झाला की मग दाराच्या कुरकुरीतून मी तेच सूर काढते आणि भलेभले खुर्चीत मागे सरकतात. आमच्यातला एक जण परवा जेवत होता. मी सहज ते तीन सूर शिट्टीवर वाजवले, तर त्याने घास हातात धरून मागे वळून पाहिलं.

ती धून तुझी आहे, काकू. खडकांवरचं मीठ गोळा करताना तू जी गुणगुणतेस ती. ऑगस्टमध्ये मी तुझ्या मागे बसून फोनवर टिपून घेतली. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू गप्प झाली असतीस. एकच गोष्ट कळली नाही. तू दर वेळी एकाच जागी थांबतेस. धून वर चढते, आता खाली उतरणार असं वाटतं आणि तू खडक खरवडायला सुरुवात करतेस. पुढचं विसरलीस का? आठवत असेल तर कळव. गाण्याचे शब्द काय आहेत तेही.

तुझी,
इस्मिनी


व्राहोस, २५ ऑक्टोबर

इस्मिनी,

पत्र मिळालं. अक्षर बापासारखंच आहे, मुंग्या चालल्यासारखं. तुझ्या बापाने तुला परदेशात संगीत शिकायला पाठवलं ते लोकांना घाबरवण्यासाठी, हे माहीत असतं तर मी इथेच शिकवलं असतं. आमच्या गावाला त्यासाठी शिक्षण लागत नाही.

यंदा ऑलिव्ह बरी धरली आहेत. लिआस तेलाच्या घाण्यावर जायला लागला, संध्याकाळी येतो तेव्हा त्याचा शर्ट दोनदा उकळावा लागतो. एकेचाळीस वर्षांचा झाला, अजून आईच्या हातचं जेवतो. मी मेल्यावर काय करणार आहे देव जाणे. वरच्या मनोऱ्याच्या घरात दिवा लागतो आता. पानागोस परत आला आहे, मुलीकडे राहायला. तू त्याला ओळखत नाहीस. म्हातारा झाला आहे. सकाळी कॉफीच्या दुकानापुढे रस्त्याकडे पाठ करून बसतो.

ते गाणं काढून टाक. त्याचे शब्द नाहीत आणि शेवटही नाही. मला कधी आलाच नाही. तुला गाणंच हवं असेल तर लग्नातलं देते, नवरीची वेणी घालताना म्हणतात ते. पाळण्याचं देते. समुद्रावरचं एक आहे, तुझा बाप ते फार छान म्हणायचा. हवं ते घे, पण हे नको. मला दुसऱ्यांदा सांगायला लावू नकोस.

अंजीर वाळवून ठेवले आहेत. बसवाल्याबरोबर पाठवते.

काकू


अथेन्स, ३ नोव्हेंबर

प्रिय काकू,

अंजीर मिळाले आणि संपलेही. बसवाल्याने वाटेत खाल्ले नसतील तर तू फारच थोडे दिले होतेस.

तू रागावशील, पण ती धून आता निघत नाही. सगळा गेम तिच्यावर उभा आहे. घराच्या भिंती चढवून झाल्यावर पाया बदला म्हटल्यासारखं होईल ते. शिवाय आमचा म्होरक्या फोतीस, जो स्वतःच्या आईच्या गाण्याचंही कौतुक करणार नाही, तो डोळे पुसत होता.

आणि शेवट मीच केला. तू जिथे थांबतेस तिथे ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. मी तो तसाच टांगून ठेवला, पूर्ण गेमभर. धून येते, वर चढते आणि तुटते. शेकोटीपाशी तुटते, कबरीपाशी तुटते, स्वप्नातही तुटते. बारा-पंधरा तास माणूस त्या एका उतरणीसाठी तहानलेला राहतो आणि त्याला माहीतही नसतं की तहान कसली आहे. अगदी शेवटी मारेकरी समोर येतो. त्याला मारलंच पाहिजे असं आम्ही कुठे म्हणत नाही. सोडून निघून जाता येतं. पण खेळणारा हात उचलेल तेव्हाच धून पुढे सरकते आणि वार बसला की ती घरी येते, पूर्ण होते. आम्ही ज्यांना ज्यांना खेळायला बसवलं त्यांतल्या एकानेही त्याला सोडलं नाही. एक बाई म्हणाली, "मला मारायचं नव्हतं. पण ते गाणं अर्धं ठेवून उठवेना."

सांगायला नको, पण मी फार खुश आहे. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं काही झालं नव्हतं.

गाण्यात तुझाच आवाज आहे, ऑगस्टमधला, बासरीच्या मागे. आणि शेवट तुझ्याकडे नसल्यामुळे तो मी गायले. शब्द नाहीत, नुसता आवाज. आपल्या दोघींचे आवाज इतके जुळतात की सांधा कळत नाही. लिआसला पहिली प्रत पाठवली आहे. आपल्या घरातल्या कुणीतरी आधी ऐकावं असं वाटलं.

इस्मिनी


व्राहोस, १० नोव्हेंबर

इस्मिनी,

लिआसला पाठवलंस ते परत मागून घे. काहीही कारण सांग.

मला हे लिहायचं नव्हतं. तुझ्या बापाने तुला सांगितलं की त्याचा भाऊ स्त्रातीस ऑलिव्हच्या झाडावरून पडून मेला. मी पण हो म्हटलं. खोटं आहे. माझ्या नवऱ्याला पानागोसने गोळी घातली, विहिरीच्या वाटेवरून भांडण झालं तेव्हा. लिआस सहा वर्षांचा होता. पानागोस तुरुंगात गेला, सुटला, पात्रा शहरात राहिला आणि आता परत आला. लिआसला हे सगळं माहीत आहे, गावात कोणाला माहीत नाही? पण तो कधी बोलला नाही, मीही बोलले नाही. तुम्ही पोरं उन्हाळ्यात खडकांवर खेळायचात तेव्हाही तो तुला बोलला नाही, यावरून ओळख.

आता गाण्याचं. आपल्याकडे माणूस मारला गेला की त्याच्या शवपेटीपाशी घरच्या बायका गातात. तो कसा होता हे गातात, कुणी मारलं हे गातात, आणि शेवटच्या ओळीत रक्त कोण परत घेणार त्याचं नाव येतं. ती ओळ वर चढते आणि नावावर उतरते. ते नाव बाई घालते, पुरुष घालत नाहीत. एकदा पडलं की पडलं. ज्याचं नाव पडलं त्याने ते केलं पाहिजे, आणि दुसऱ्या कुणी त्यात हात घातला तर ज्याचं नाव आहे त्याच्या तोंडाला काळं लागतं. आणि ज्याचं नाव पडलं नाही त्याच्याकडे कुणी काही मागू शकत नाही.

मी स्त्रातीससाठी गायले. सगळं गायले. शेवटच्या ओळीला आले, वर चढले, आणि सगळ्या बायकांनी माझ्या पोराकडे पाहिलं. तुझा बाप कोपऱ्यात रडत होता, त्याला कोणी मोजलंही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अथेन्सची बस धरली, त्याबद्दल मी त्याला कधी दोष दिला नाही. लिआसच्या हातात पाव होता. मी तोंड मिटलं. सासूने मला तिथेच, पेटीच्या अंगावर ढकललं. मेली तोपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी पस्तीस वर्षं ती ओळ गिळून बसले आहे. गुणगुणणं थांबवता येत नाही, ते आपोआप येतं, पण थांबायचं कुठे हे मला झोपेतही कळतं.

आणि तू ती पुरी केलीस. तू या घरची मुलगी आहेस, स्त्रातीसच्या भावाची. परकी नाहीस. शब्द घातले नाहीस म्हणतेस, म्हणजे जागा रिकामी ठेवलीस. त्या जागेत ऐकणारा आपलंच नाव घालणार ना, पोरी?

मला एवढंच कळव. तुझा शेवट वर जाऊन खाली येतो का? मला ऐकू येत नाही. काल संध्याकाळी मी लिआसच्या खोलीच्या दाराला तळहात लावून उभी होते. लाकूड थरथरत होतं, पण त्यावरून काय कळणार.

काकू


अथेन्स, १७ नोव्हेंबर

काकू,

तुझं पत्र मी जिन्यातच दोनदा वाचलं. बाबा गेले तेव्हा तू आली होतीस, आपण दोघी स्वयंपाकघरात रात्र काढली, तेव्हाही तू हे पोटातच ठेवलंस. रागावू की रडू कळत नाही.

हो. माझा शेवट वर जाऊन खाली येतो. तीन पायऱ्या वर आणि मग एकदम खाली. मी कुठून चोरला नाही. तू जी सुरुवात करतेस तिला दुसरा शेवट बसतच नाही, मी चाळीस तऱ्हा करून पाहिल्या होत्या. आता कळलं का ते.

पण ऐक, घाबरू नकोस. मी लिआसला लगेच फोन केला. तो मजेत होता. म्हणाला, दोनदा पूर्ण खेळला, आता पुन्हा पहिल्यापासून न खेळता नुसता शेवटचा भाग लावतो. आवडला म्हणाला. मी म्हटलं, प्रत सदोष आहे, परत पाठव, दुसरी देते. तर हसून म्हणाला, "असू दे, मला ही सदोषच बरी आहे." त्याच्या बोलण्यात काही वावगं वाटलं नाही. लोक दिवसभर गेममध्ये माणसं मारतात आणि उठून भाजी आणायला जातात, काकू. खेळ तो खेळ. धून कुणाला हुकूम देऊ शकत नाही. मी आयुष्यभर हेच काम करते आहे, मला माहीत आहे.

तरी तू त्याच्याकडे लक्ष ठेव.

इस्मिनी


व्राहोस, १९ नोव्हेंबर

इस्मिनी,

तुझा फोन आला तेव्हा आई समोर भांडी घासत होती. तिला ऐकू येत नाही, पण ती ओठ वाचते, म्हणून हसलो.

तुझा गेम छान आहे. डोंगर आपल्या डोंगरासारखे केले आहेस, निवडुंगही जागच्या जागी आहेत. सुरुवातीला नाव विचारतात तिथे मी माझंच घातलं. दुसरं सुचलं नाही.

आई ते गाणं कधी पुरं करायची नाही. लहानपणी मला वाटायचं, माझ्यामुळेच थांबते. तिला वाटतं याच्याने काही होणार नाही, याच्याकडे कशाला मागा. घाण्यावरचे लोक मला मान देतात, पण तो कसा, गाढवाला देतात तसा. ओझं नेतो म्हणून. कोणी तोंडावर म्हटलं नाही. पस्तीस वर्षं कोणी काहीच म्हटलं नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

शेवटी जी गाते ती तू आहेस हे मी पहिल्याच वेळी ओळखलं. त्या वेळी उठून बाहेर गेलो, अंगणात उभा राहिलो. मग परत येऊन पुन्हा लावलं. आता घाण्यावर पट्टा फिरतो त्यातही ते तीन सूर ऐकू येतात. पानागोस दुकानापुढे पाठ करून बसतो. मी तिथून जातो तेव्हा ते सुरू होतं आणि पुढे गेलो की तुटतं. रोज तुटतं. तू ते कसं केलंस मला माहीत नाही, पण फार चांगलं केलंस.

बाबांचा स्मृतिदिन आठ डिसेंबरला आहे. पाखरांची शिकार सुरू झाली, त्यामुळे बंदूक बाहेर काढली म्हणून कोणी विचारत नाही. आईला यातलं काही लिहू नकोस. तू मागितलंस तेवढं पुरे आहे मला.

लिआस


अथेन्स, २३ नोव्हेंबर
(बसचालकाच्या हाती, फक्त स्तामाता काकूंना द्यावं)

काकू,

लिआसचं पत्र सोबत जोडलं आहे. त्याने नको म्हटलं होतं. मी चुकले. धून हुकूम देऊ शकत नाही हे मी तुला किती तोऱ्यात लिहिलं. मी रोज तेच करते, हळूहळू कान तयार करते आणि मग माणूस आपणहून हात उचलतो, आणि त्याला वाटतं आपलंच मन आहे.

मी पंचवीस वेळा फोन केला, तो उचलत नाही. मी शनिवारी येते. त्याच्यासमोर उभी राहते आणि सांगते की मला काही माहीत नव्हतं, मी कोणालाही काही मागितलं नाही. की पोलिसांना कळवू? सांग. मी शेवट बदलायला घेतला आहे, नवी प्रत त्याच्या यंत्रात आपोआप जाईल.

इस्मिनी


व्राहोस, २४ नोव्हेंबर
(परतीच्या बसने)

येऊ नकोस. गाणारी बाईच दारात येऊन उभी राहिली तर तो त्याच दिवशी निघेल. तू तोंडाने नाही म्हणशील, पण त्याने तुझं गाणं आधी ऐकलं आहे.

पोलिसांना काय सांगशील? एक माणूस संध्याकाळी खेळ खेळतो आणि सकाळी एका म्हाताऱ्यासमोरून कामावर जातो?

शेवटही बदलू नकोस. नव्याने काय होणार, जुना त्याच्या कानात आहे. उलट त्याला वाटेल, तूही बापासारखी पळालीस.

मला विचार करू दे. यंत्र ट्रंकेतून काढलं होतं, पण त्याची बॅटरी मेली आहे.

काकू


अथेन्स, १ डिसेंबर

काकू,

आठवडा झाला, तुझं काही नाही. बसचालक म्हणतो तू थांब्यावर येत नाहीस. दुकानात फोन केला तर ते म्हणाले तुम्ही मायलेक ऑलिव्ह झोडपताय, सगळं ठीक आहे, आणि लगेच ठेवला. कोणी इतक्या घाईने ठीक आहे म्हणत नाही.

काल गेम लोकांसाठी खुला झाला. फोतीस सगळ्यांना दारू पाजत होता. अनोळखी लोक लिहिताहेत की ती धून डोक्यातून जात नाही. मी ते वाचते आणि पडदा बंद करते. काही तरी कळव. दोन ओळी लिही. आठ तारखेला काय होणार आहे?

इस्मिनी


व्राहोस, ११ डिसेंबर

इस्मिनी,

लिआस जिवंत आहे आणि पानागोसही. आधी हे वाच, मग पाणी पी, मग पुढचं वाच.

आठ तारखेला देवळात स्त्रातीसच्या स्मृतिदिनाची प्रार्थना झाली. दर वर्षी आम्ही दोघं आणि पाद्री असतो, यंदा अख्खं गाव आलं. कोणी बोलावलं नव्हतं. लोकांना वास येतो. लिआस शिकारीचा कोट घालून आला होता आणि गाडी त्याने देवळाच्या भिंतीला लावली होती, नेहमी लावतो तिथे नाही. चौकाच्या पलीकडे पानागोस बसला होता, पाठ करून. त्याची मुलगी त्याला आत चल म्हणत होती, तो हलला नाही. त्यालाही कळलं असणार.

मेलेल्याला शांती मिळो म्हणून वाटतात त्या उकडलेल्या गव्हाचं ताट मी बाहेर आणलं. प्रत्येकाच्या हातावर मूठ मूठ घातली. लिआसच्या हातावर घातली तर त्याने ती तोंडात टाकली नाही, खिशात टाकली. मला कळलं की आता वेळ नाही. मी ताट भिंतीवर ठेवलं आणि गायला सुरुवात केली.

मला माझा आवाज ऐकू येत नाही, पोरी. सूर लागला की नाही हे मी लोकांच्या चेहऱ्यांवरून पाहत होते. पहिल्या ओळीला बायकांनी एकमेकींचे हात धरले, तेव्हा म्हटलं लागला असेल. स्त्रातीस कसा होता ते गायले. विहिरीची वाट गायले. पानागोसचं नाव घेतलं, पस्तीस वर्षांनी, मोठ्याने, आणि त्याचे खांदे वर झालेले मी तिथून पाहिले. लिआस भिंतीला टेकला होता तो सरळ झाला. मग शेवटची ओळ आली. मी चढले. सगळ्या बायकांनी लिआसकडे पाहिलं, त्या दिवसासारखंच, त्यांतल्या निम्म्या त्या वेळी जन्मल्याही नव्हत्या. आणि लिआसच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पाहिला नव्हता असा आनंद होता. तो आनंद मी विसरणार नाही. त्याला वाटलं, आई शेवटी मागते आहे.

मी उतरले आणि माझं नाव घातलं. स्तामाता.

घरच्या बाईने स्वतःचं नाव घालू नये असं कुठे नाही. कोणी घातलं नव्हतं एवढंच. म्हाताऱ्या बायकांनी जरा वेळाने माना डोलावल्या. झालं, आता ते काम माझं. लिआसने बोट उचललं तर तो आईची बेअब्रू करतो, आणि ते तो करणार नाही, तेवढं मी त्याला ओळखते. पानागोस उठला, त्याची कॉफी सांडली, मुलीने त्याला आत नेलं.

लिआस माझ्याशी बोलत नाही. घरी आल्यावर त्याने बंदूक आणून माझ्या बिछान्यावर ठेवली आणि म्हणाला, "घे. तुझी आहे." तेवढंच. ताटात वाढते ते जेवतो, घाण्यावर जातो, येतो. तुझा गेम त्याने पिशवीत बांधून कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवला आहे. मी त्याचं सगळ्यांसमोर नाक कापलं, हे मला कळतं. पस्तीस वर्षांपूर्वी कापलं होतं, परवा पुन्हा कापलं. बोलेल तेव्हा बोलेल. सासूला जमलं नाही, पण तो माझा मुलगा आहे.

मी रोज सकाळी दारात खुर्ची टाकून बंदूक पुसते, सगळ्यांना दिसेल अशी. लोक रस्त्याने जाताना नमस्कार करतात, पूर्वी करत नव्हते. पानागोस बाहेर बसत नाही. पडद्याआडून पाहतो. मी ते काम करणार नाही, इस्मिनी. कधीच करणार नाही. पण हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही आणि होता कामा नये. ज्या दिवशी गावाला कळेल की म्हातारी नुसतीच पुसत बसते, त्या दिवशी माझ्या नावाला काही अर्थ उरणार नाही आणि सगळ्यांच्या नजरा पुन्हा त्याच्याकडे वळतील.

म्हणजे मला जगायला हवं, पानागोसपेक्षा एक दिवस तरी जास्त. तो अठ्ठ्याहत्तरचा आहे, मी त्र्याहत्तरची. पण त्याला मुलगी सूप करून घालते आणि माझे पाय सुजतात, डॉक्टर म्हणतो हृदय मोठं झालं आहे. झालं तर झालं. मी गोळ्या वेळेवर घेते, मीठ सोडलं आहे, जिन्यावर थांबत थांबत चढते. आयुष्यात एवढी काळजी स्वतःची कधी घेतली नव्हती.

नाताळला ये. लिआस तुझ्याशी बोलेल, तुझ्यावर त्याचा राग नाही, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. गेमबद्दल विचारलं तर पुढच्या कामाचं बोल, या गेमचं नको.

आणि पानागोसच्या आधी मी गेले तर माझ्या शवपेटीपाशी येशील तेव्हा बायकांच्या सगळ्यांत मागच्या रांगेत उभी राहा. स्त्रातीसची ओळ नावापाशी पुन्हा अर्धी राहील, सगळ्या जणी तुझ्याकडे पाहतील, कारण घरात गाणारी दुसरी कोणी उरणार नाही. पाहू देत. तू तोंड उघडू नकोस.

काकू